सहीचे वय

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप मामाआजोबांना टिटवीचा वाकून नमस्कार.

बाबा गेल्याचे कळल्यावर तुम्ही पाठवलेले दोन ओळींचे पत्र मिळाले. ते दुकानातल्या फळीवर, बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवले आहे. आई तर आधीच गेली, आणि तिच्या बाजूचे माझ्या ओळखीचे असे आता तुम्ही एकटेच उरलात, म्हणून धीर करून हे लिहिते.

वर दोन खोल्यांचे घर आणि खाली तराजू-दुरुस्तीचे दुकान, दोन्ही भाड्याचे आहे. बाबांच्या आजारपणात दुकान मीच चालवले. ते वरून पलंगावरून विचारायचे, "काटा शून्यावर आणलास का गं?" आणि मी खालून ओरडायचे, "आणला!" पण करारावर माझी सही चालत नाही. मला अठरा पूर्ण व्हायला अजून बरेच महिने आहेत. काका म्हणतात, दुकानाला कुलूप लावू, तू आमच्याकडे चल.

परवा सकाळी काका मला म्हणाले, "आता मोठी झालीस तू, असं रडायचं नाही." दुपारी वकिलांसमोर म्हणाले, "लहान आहे हो अजून, तिला काय कळतंय!" मी विचारले, "काका, जेवणाआधी मोठी आणि जेवणानंतर लहान, हे कसं काय?" काकू हसल्या. काका नाही हसले.

न्यायालयातल्या बाईंनी एक वाट दाखवली आहे. आईकडच्या किंवा ओळखीतल्या कोणी वडीलधाऱ्याने पालक म्हणून सही केली, तर अठरा पूर्ण होईपर्यंत मी इथेच राहू शकते. तुम्हांला इथे येऊन राहायलाही नको. देखरेख ठेवीन, एवढे लिहून द्यायचे.

सज्ञान होण्याचे वय सोळावर आणायचे ते विधेयक सध्या वर्तमानपत्रांत गाजते आहे. दुकानातही रोज जुंपते. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "सोळाला? माझा तिशीचा झाला तरी त्याला स्वतःची चप्पल सापडत नाही!" सोनारकाका म्हणाले, "मग तुमच्यापुरतं चाळीस करायला सांगू." मला विचाराल तर वय मोजूच नये. प्रत्येकाला पारखावे आणि जो टिकेल त्याला मोठे म्हणावे.

लहानपणी तुम्ही एका सुट्टीत आमच्याकडे राहिला होतात, तेव्हा दोन-दोन शब्द पुढे, मागे आणि पुन्हा पुढे म्हणायचा पाठ शिकवला होतात. वजनांची नावे मी अजून तशीच म्हणते. तेव्हा माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून तुम्हीच नाव ठेवलेली,

तुमची टिटवी


२६ फेब्रुवारी

चिरंजीव टिटवीस शुभाशीर्वाद.

तुझे पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. मी जागा बदलली आहे. नवा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. येथे शांतता विपुल आहे. खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर एक भिंत आणि भिंतीवर सरकणारी उन्हाची पट्टी, एवढेच दृश्य. जेवणाच्या वेळी घंटा होते, त्यामुळे भूक लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

तुझ्या वडिलांसाठी रोज प्रातःकाळी प्रार्थना करतो. तो सरळ मनुष्य होता. वजनात आणि वचनात त्याने कधी हात राखला नाही.

तुझी विनंती मान्य करणे मला शक्य नाही. याचे तुला दुःख होईल हे जाणूनच लिहीत आहे.

वय मोजू नये, माणूस पारखावा, असे तू म्हणतेस. पारखणारा कोण? त्याला कोणी पारखले? वयाची रेघ आंधळी असते हे मला मान्य आहे. सोळा वर्षांच्या शहाण्याला ती अडविते आणि तिशीच्या निर्बुद्धाला वाट देते. परंतु त्या आंधळेपणात एक करुणा आहे, ती तुझ्या ध्यानी आलेली नाही. ती रेघ कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, कोणाला समोर बसवून प्रश्न विचारीत नाही. सूर्य उगवतो तो प्रत्येक घराची योग्यता तपासून उगवत नाही. ठरल्या वेळी सर्वांसाठी उगवतो. ज्याला उठावयाचे तो उठतो.

शिवाय, वर्षे नुसती जात नसतात. आम्ही गुरूंपाशी रोज तेच तेच म्हणत असू. अनेक वर्षे केवळ ओठ हलले. मग एके दिवशी, आपण म्हणत नसून आपल्याकडून म्हटले जात आहे, असे जाणवले. तो दिवस आधी आणता आला नसता.

तुझे काका वाईट मनुष्य नव्हेत. त्यांच्याकडे जा. सरेल हाही काळ.

मामाआजोबा


६ मार्च

तीर्थरूप मामाआजोबांना नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा रडू आले, दुसऱ्यांदा राग आला. राग बरा, त्यात हात चालतात. त्याच रागात मी सोनारकाकांचा काचेच्या पेटीतला काटा पूर्ण उघडून साफ केला.

तराजू किती जुना आहे हे बघून त्यावर शिक्का मारत नाहीत, मामाआजोबा. खरे वजन पारड्यात ठेवतात आणि काटा कुठे थांबतो ते बघतात. कारखान्यातून कालच आलेला तराजू खोटा निघतो, आणि पणजोबांच्या काळातला खरा. उद्या कोणी म्हणाले, अठरा वर्षे झालेला प्रत्येक तराजू खरा धरा, तर बाजारात मारामाऱ्या होतील! तुम्ही त्यातली करुणा सांगाल. ज्याची भाजी कमी भरली त्याला ती दिसेल का?

मला पारखा. तुम्हीच पारखा. हवे ते प्रश्न विचारा, पाठ म्हणायला सांगा, हिशोब घाला. दुसऱ्या कोणी मला "अजून लहान" म्हटले तर मी ऐकून घेते. तुम्ही तर मला लहान असतानासुद्धा लहान म्हटले नव्हते. शब्द चुकला तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचात, मोठ्या माणसाला लावावे तसे.

काका दर रविवारी येतात, खोल्यांमधून फिरतात आणि कोणते सामान न्यायचे ते बोटाने दाखवतात. वाईट नाहीत, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच भांडता येत नाही.

सकाळी चहा करताना मी अजून दोन कप काढते. दुसरा परत फळीवर ठेवायचा, हे रोज नव्याने लक्षात येते. ठेवताना कपाचा आवाज होतो आणि मग घर फार गप्प होते. या घरात बाबा नाहीत हे सोसवते, कारण ते नसण्याची जागा तरी इथे आहे. काकांच्या घरी ती जागासुद्धा नाही.

सुनावणी महिनाअखेरीला आहे. तुमचे उत्तर खरेच 'नाही' असेल, तर का नाही ते तरी सांगा. सूर्याचे सांगू नका.

टिटवी


१७ मार्च

चिरंजीव टिटवीस आशीर्वाद.

सोबत कागद जोडला आहे. त्यावर तुझा पालक म्हणून माझी सही आहे. तू लिहिलेस त्याप्रमाणे सर्व मजकूर भरला आहे.

तुझ्या युक्तिवादाने मी हरलो असे समजू नकोस. आंधळ्या रेघेविषयीचे माझे मत आहे तेथेच आहे. तू मात्र पारखण्याची भाषा पुन्हा करू नकोस. मी तुला काहीही विचारणार नाही.

दुसरा कप जपून ठेव.

मामाआजोबा


२ एप्रिल

मामाआजोबांना नमस्कार.

कागद आला त्या दिवशी मी भाजीवाल्या मावशींच्या गळ्यात पडले होते. सुनावणीला त्याही दुकान बंद करून आल्या होत्या. न्यायालयातल्या कारकुनाने तुमची सही पाहिली, कपाटातून पालक नेमलेल्यांची नोंदवही काढून ताडून बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही सही चालणार नाही. या गृहस्थांनाच पालक नेमलेला आहे, पुतण्या. स्वतःचे व्यवहार बघायला असमर्थ ठरलेत ते. आणि हे कोणाचे पालक होणार?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मावशी वळून म्हणाल्या, "दात दिसले, आता मिटा." पण झाले ते झालेच. काका उठून उभे राहिले, आणि पाच-दहा वाक्यांत सगळे ठरले. दुकानाला कुलूप लागले. किल्ली काकांच्या खिशात आहे आणि भाडेही तेच भरणार, मला अठरा पूर्ण होईपर्यंत. हे पत्र मी बांधलेल्या सामानावर बसून लिहिते आहे.

तुम्हांला हे माहीत होते. माहीत नसणे शक्यच नाही. मग पहिल्या पत्रात का नाही सांगितलेत? मी शाळेतल्या बाईंना विचारले असते, सोनारकाकांच्या बायकोला विचारले असते. सुनावणीनंतर शाळेतल्या बाई स्वतःहून म्हणाल्या, "अगं, मला का नाही सांगितलंस?" मी काय सांगणार? माझे मामाआजोबा आहेत, एवढ्यावरच मी विसंबून होते.

मी ओरडत नाही आहे. नुसते विचारते आहे.

टिटवी


११ एप्रिल

चिरंजीव टिटवीस.

आशीर्वाद देण्याचा अधिकार न्यायालयाने काढून घेतलेला नाही, म्हणून प्रथम आशीर्वाद.

तू विचारलेस, तर सांगतो. गेल्या वर्षी मी दुधाचे भांडे चुलीवर ठेवून पाठाला बसलो. भांडे जळले, धूर झाला, शेजारी धावून आले. पुतण्याने काळजीपोटीच अर्ज केला. त्याच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. मग एक तज्ज्ञ मला तपासण्यास आले. तरुण, स्वच्छ, सौजन्यशील. त्यांनी मला समोर बसविले आणि म्हणाले, "आजोबा, मी पाच शब्द सांगतो, तेवढे मागाहून म्हणून दाखवा हं. फूल, खुर्ची, दोरी, किल्ली, दिवा."

टिटवी, मला फार आनंद झाला. कित्येक दिवसांत कोणी मला पाठ घातला नव्हता. आजन्म जे केले तेच मी केले. डोळे मिटले आणि म्हटले: फूल खुर्ची, खुर्ची फूल, फूल खुर्ची, खुर्ची दोरी, दोरी खुर्ची, खुर्ची दोरी, दोरी किल्ली, किल्ली दोरी, दोरी किल्ली, किल्ली दिवा, दिवा किल्ली, किल्ली दिवा. एकही स्वर ढळला नाही. डोळे उघडले तेव्हा ते लिहीत होते, 'शब्दांचा क्रम लागत नाही, तेच तेच उच्चारतात.'

नंतर विचारले, "घरात तुमच्यासोबत कोण असतं?" मी म्हणालो, "जो सर्वांसोबत असतो, तोच." त्यांनी मृदू स्वरात विचारले, "आता आहे का तो इथे, या खोलीत?" मी म्हणालो, "आहे की." तेही लिहून घेतले.

पुतण्याने मला येथे, वृद्धांच्या निवासात, आणून ठेवले. आता माझी सही म्हणजे कागदावरची शाई.

पारखून मोठे ठरवावे असे तू लिहिलेस, तेव्हा मला ती खुर्ची आठवली. तुला तशा खुर्चीवर कोणी बसवू नये, एवढ्यासाठी मी त्या आंधळ्या रेघेची वकिली केली. ती तुला एक दिवस काहीही न विचारता आत घेईल. मला जे बाहेर काढले गेले, ते प्रश्न विचारून.

हे प्रथमच सांगावयास हवे होते. लाज वाटली. या जगात एकच व्यक्ती मला अद्याप समर्थ समजत होती, आणि तिचे अक्षर टपालाने येत होते. मग तुझ्या दुसऱ्या कपाने माझा धीर मोडला. वाटले, कोण एवढे तपासून पाहतो? सही पूर्ण होईपर्यंत मी पूर्वीचा मनुष्य होतो. त्या सुखापायी तुझे घर गेले.

क्षमा मागत नाही. ती देणे तुला जड जाईल, आणि न देणे त्याहून जड.

मामाआजोबा


२० ऑगस्ट

तीर्थरूप मामाआजोबांना नमस्कार.

एप्रिलनंतर मी लिहिले नाही. आधी रागाने, मग रागाची सवय झाली म्हणून.

इथे सगळे चांगले आहे, तेच अवघड आहे. काकू माझ्या आवडीचे करतात आणि शेजारणीला सांगतात, "पोरगी कशी गुणी आहे, आवाज म्हणून नाही हो घरात." मला कधीच कोणी असे म्हटले नव्हते. मला चुलतबहिणीच्या खोलीत जागा दिली आहे. माझे कपडे तिच्या कपाटात खालच्या खणात असतात. जेवताना सहा माणसे असतात आणि मी पाणी वाढते, म्हणजे बोलावे लागत नाही.

ते विधेयक बारगळले, तुम्ही वाचले असेलच. काका वर्तमानपत्र घडी करत म्हणाले, "बरं झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही म्हणालो गं." त्यांना खरेच वाईट वाटले होते.

तुमचे ते पत्र मी पुष्कळदा वाचले. त्या तज्ज्ञांचा काटा रिकामा असतानाही शून्यावर नव्हता. बाबा म्हणायचे, वजन ठेवायच्या आधी रिकामे पारडे बघ. ते तज्ज्ञ घरातूनच ठरवून निघाले होते, की म्हातारा बरळणार.

जानेवारीत मला अठरा पूर्ण होतील. सज्ञान म्हणून पहिली सही कशावर करायची ते मी ठरवले आहे. तुमची पुन्हा तपासणी व्हावी, असा अर्ज. मी शेजारी बसेन. फक्त एक करा, मामाआजोबा, पाच शब्द सरळ म्हणा. नुसते एकदा, साध्या माणसासारखे. जमेल ना?

उत्तर लवकर लिहा. पोस्टमन या घरी येतो तेव्हा माझ्यासाठी काही नसते.

टिटवी


१४ डिसेंबर

चिरंजीव टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचे उत्तर लिहिले होते, अशी माझी समजूत होती. ते काल उशीखाली सापडले. एकच ओळ लिहिलेली होती, 'जमेल.'

ती ओळ फाडून टाकली आहे, आणि आता खरे लिहितो.

अर्ज करू नकोस. माझ्याविषयीचा निर्णय झाला तेव्हा तो चुकीचा होता. आता दिवसेंदिवस तो बरोबर होत चालला आहे. परवा पुतण्या भेटीस आला. त्याला मी त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. येथील परिचारिकेला रोज नवी समजून नमस्कार करतो. ती हसून म्हणते, "कालच झाली की ओळख, आजोबा." सकाळी पाठाला बसलो की कंठ अजून चालतो. अर्थ मात्र कधी कधी दाराबाहेर उभा असल्यासारखा वाटतो. भय वाटत नाही, असे लिहिणार होतो. वाटते. भिंतीवरची ती पट्टी सरकते, आणि ही सकाळ की संध्याकाळ हे कोणाला तरी विचारावे असे वाटते. विचारण्यास कोणी नसते. जो सर्वांसोबत असतो तो आहे. पण तो वेळ सांगत नाही.

आता विनंती मी करतो. पुतण्या परगावी राहतो, त्याचा संसार मोठा आहे, आणि हे ओझे उतरल्यास त्याला सुटल्यासारखेच वाटेल. त्याच्याशी मी बोललो आहे. तुला अठरा पूर्ण झाली की माझी पालक हो. माझ्या सहीला किंमत नाही, परंतु इच्छेला असावी. आणि ती अजून माझी आहे तोवर सांगून ठेवतो. कोणी मला विचारून नव्हे, तर मी आपण होऊन, माझा हात तुझ्या हाती देत आहे.

नाही म्हणण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. मी एकदा म्हटले होते.

तू पाठ सोडला नसशील. मीही सोडलेला नाही. हे घे: फूल खुर्ची, खुर्ची फूल, फूल खुर्ची, खुर्ची दोरी, दोरी खुर्ची, खुर्ची दोरी, दोरी दिवा, दिवा दोरी, दोरी दिवा. स्वर एकही ढळलेला नाही. पाहिलेस?

मामाआजोबा


१९ जानेवारी

तीर्थरूप मामाआजोबांना टिटवीचा वाकून नमस्कार.

हे पत्र दुकानातून लिहिते आहे. आतले सगळे काटे गंजून आडवेतिडवे झाले आहेत, आणि कोळ्यांनी पारड्यांना झोके बांधले आहेत. भाजीवाल्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "आलीस? माझा वजनकाटा रुसलाय केव्हापासून!" भाडेकरारावर सही केली. मग न्यायालयात जाऊन दुसरी सही केली, तुमची पालक होण्याच्या अर्जावर.

तोच कारकून होता. त्याने मला ओळखले नाही. विचारले, "वय?" मी म्हणाले, "अठरा पूर्ण." त्याने जन्मतारखेचा कागद पाहिला आणि शिक्का मारला. पुढे काहीच विचारले नाही. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. मला वाटले होते, काहीतरी विचारेल. आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्या माझ्यात तसूभरही फरक नव्हता. तुमची रेघ खरेच आंधळी आहे, मामाआजोबा. तिच्यातली करुणा मला अजून दिसत नाही. पण आत येताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही, हे खरे.

निर्णय यायला थोडा अवकाश आहे. तोवर तुम्हांला माझ्याकडे आणायला पुतणेमामांची हरकत नाही. रविवारी येते. वरच्या पुढच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. एकीतून सकाळ आत येते आणि दुसरीतून संध्याकाळ, म्हणजे कोणाला विचारावे लागणार नाही. विचारावेसे वाटलेच, तर मी खालीच असेन. ओरडा. मी ओरडून सांगेन.

तुमचा पाठ वाचला. स्वर एकही ढळलेला नाही.

चौथा शब्द किल्ली होता. दोरी किल्ली, किल्ली दोरी, दोरी किल्ली. किल्ली दिवा, दिवा किल्ली, किल्ली दिवा. राहू द्या, तुम्ही आठवत बसू नका. ती काकांनी परवा माझ्या हातात दिली.

दुसरा कप धुऊन ठेवला आहे.

टिटवी